अमेरिकेच्या उंच मैदानांवर घोड्यांसह प्रवास: मुक्कामाच्या जागा कशा शोधाव्यात?

रानवाट_नागपूर

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला राहते. माझा धाकटा भाऊ आणि वहिनी कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सजवळ राहतात आणि त्यांच्याकडे दोन अख्ते घोडे आहेत. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या काळात घोडे ट्रेलरमधून उत्तरेकडच्या मैदानी मुलुखात न्यावेत, दिवसा स्वारी करावी आणि रात्री घोड्यांच्या जवळच तंबूत मुक्काम करावा, असा आमचा बेत आहे. फोर्ट कॉलिन्सहून वायोमिंगमधील शायेन, तेथून वायव्य नेब्रास्कातील क्रॉफर्ड गावालगतचे फोर्ट रॉबिन्सन, मग साउथ डाकोटातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान आणि शेवटी नॉर्थ डाकोटातील मेडोरा, असा मार्ग आम्ही मनाशी धरला आहे.

आमची अडचण मुक्कामाची आहे. माणसांसाठी कॅम्पग्राउंड शोधणे सोपे आहे, पण एखाद्या ठिकाणी ‘घोड्यांना परवानगी आहे’ एवढेच लिहिलेले असते, आणि ती परवानगी रात्रीची आहे की केवळ दिवसाच्या स्वारीची, घोडे बांधायला काही सोय आहे की नाही, पाणी मिळते की नाही, हे त्यातून कळत नाही. भावाचे घोडे आजवर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतत आले आहेत. रात्र बाहेर काढण्याची सवय त्यांना नाही. मी स्वतः काही वर्षांपासून नागपुरात घोडेस्वारी शिकते आहे, त्यामुळे खरारा, दाणावैरण, खोगीर घालणे ही कामे मला येतात, परंतु उघड्या माळावर घोड्यांचा तळ टाकण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही.

अशा जागा शोधायच्या कशा, आरक्षण करण्यापूर्वी तेथे काय विचारून घ्यायचे आणि या मार्गावर घोड्यांसाठी खरोखर सोयीच्या जागा कोणत्या, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. घोड्यांना त्रास होणार असेल तर मार्ग बदलण्याची आमची तयारी आहे.

माळावरचा_पाहुणा

नमस्कार ताई. मी मूळचा नागपूरचा, पण बरीच वर्षे वायोमिंग आणि नेब्रास्कात राहिलो आहे आणि मित्रांच्या घोड्यांबरोबर या मुलुखात पुष्कळ हिंडलो आहे. तुम्ही निवडलेला काळ चांगला आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात साउथ डाकोटातील स्टर्जिस येथे मोटारसायकलवाल्यांचा प्रचंड मेळा भरतो आणि त्या दिवसांत आसपासच्या सर्व जागा भरून जातात. सप्टेंबरच्या शेवटी कस्टर स्टेट पार्कमध्ये रानगव्यांचे, म्हणजे अमेरिकन बायसनचे, कळप हाकून आणण्याचा वार्षिक कार्यक्रम असतो, तेव्हाही तीच स्थिती होते. तुमचा प्रवास या दोहोंच्या मध्ये बसतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारी कामगार दिनाची सुटी आणि तिच्या आधीचे दोन दिवस मात्र टाळा.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ‘घोड्यांना परवानगी’ या दोन शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि त्यांतली नेमकी कोणती, हे फोन करून विचारल्याशिवाय कळत नाही. काही ठिकाणी घोडे फक्त वाटांवर चालतात आणि सूर्यास्तापूर्वी ते बाहेर न्यावे लागतात. काही ठिकाणी रात्री घोडा ठेवता येतो, परंतु तो स्वतःच्या ट्रेलरला बांधून किंवा स्वतः आणलेल्या कुंपणात; तेथे जमिनीखेरीज काहीही मिळत नाही. आणि मोजक्या ठिकाणी लोखंडी कठड्यांचे कॉरल, म्हणजे घोडे मोकळे ठेवण्याचे उघडे आवार, किंवा तबेल्यातील ठाण, पाण्याचा नळ आणि लीद टाकण्याची जागा असे सर्व काही असते. बाहेर रात्र काढण्याची सवय नसलेल्या घोड्यांसाठी पहिले एक-दोन मुक्काम या तिसऱ्या प्रकारातलेच असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दृष्टीने फोर्ट रॉबिन्सन हा तुमचा पहिला मुक्काम अतिशय योग्य आहे. हे ठिकाण घोड्यांसाठीच घडलेले आहे. 1874 मध्ये तेथे लष्करी ठाणे उभारले गेले, 1877 च्या सप्टेंबरमध्ये लाकोटा या मूळनिवासी जमातीचा सेनानी क्रेझी हॉर्स तेथेच मारला गेला, पुढे कृष्णवर्णीय शिपायांच्या घोडदळाच्या पलटणी तेथे राहिल्या, आणि 1919 पासून अमेरिकन लष्कराला घोडे आणि खेचरे पुरवणारी मोठी पागा तेथे होती. आज ते राज्य उद्यान असून त्याचा विस्तार सुमारे 22,000 एकर आहे. पाहुण्यांच्या घोड्यांसाठी तेथे तबेल्यात ठाण भाड्याने मिळतात, घोडेस्वारांसाठी तळाची जागा आहे, आणि पाइन वृक्षांनी भरलेल्या सुळक्यांखालून जाणाऱ्या लांब वाटा आहेत. लगतच सोल्जर क्रीक हे वनखात्याचे संरक्षित रान आहे, जेथे वाहनांना बंदी असून घोड्यांना मुभा आहे. फोर्ट कॉलिन्सपासून हे अंतर चारशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे वाटेत दोनदा थांबूनही उजेडात पोहोचता येईल. माझा आग्रह असा की तेथे एक रात्र न राहता किमान तीन रात्री राहावे, म्हणजे घोडे परक्या जागी खाऊ-पिऊ लागले आहेत की नाहीत हे तुम्हाला कळेल, आणि ते रुळले नाहीत तर तेथूनच मागे फिरता येईल.

बॅडलँड्समध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत घोड्यांसह राहण्यासाठी सेज क्रीक हा तळ आहे. तो मोफत आहे, तेथे आरक्षण नसते, जो आधी येईल त्याला जागा मिळते, आणि घोडेवाल्यांसाठी तळाचा एक भाग राखलेला आहे. पण तो तुमच्या बेतातला सर्वांत कठीण मुक्काम आहे. तेथे पाणी अजिबात नाही; माणसांसाठीही नाही आणि जनावरांसाठीही नाही. तेथपर्यंतचा रस्ता खडीचा आहे आणि पाऊस झाला की आसपासची चिकणमाती चाकांना आणि खुरांना अशी धरते की ट्रेलर हलवणे अवघड होते. लांब गाड्यांवर तेथे मर्यादा आहे, म्हणून भावाने आपल्या ट्रेलरची लांबी सांगून उद्यानाच्या कार्यालयाकडून आधीच होकार घ्यावा. रानगवे तळाच्या मधून चालत जातात. एवढे असूनही मी तेथे जाऊ नका असे म्हणणार नाही, कारण उद्यानातील डांबरी रस्ते, आखलेल्या पायवाटा आणि वस्तीचा भाग सोडला तर घोड्यावरून जवळजवळ सर्वत्र जाता येते आणि सेज क्रीकच्या गवताळ टेकड्यांवरची स्वारी ही आयुष्यात एकदा करावी अशी गोष्ट आहे. फोर्ट रॉबिन्सनहून थेट तेथे न जाता वाटेत कस्टर स्टेट पार्कमधील फ्रेंच क्रीकच्या घोडेतळावर थांबा. तो केवळ घोडे घेऊन येणाऱ्यांसाठीच राखलेला आहे आणि तेथे घोड्यांसाठी बंदिस्त जागा आहेत. मात्र तो फार लवकर भरतो. तो डोंगरात आहे, मैदानात नाही, हे खरे, पण घोड्यांना सावली मिळेल.

मेडोरापाशी नीट लक्ष द्या. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानाच्या नेहमीच्या कॅम्पग्राउंडमध्ये घोड्यांना बंदी आहे. उद्यानाच्या दक्षिण भागात राउंडअप नावाचा घोडेवाल्यांचा तळ आहे, पण तो एका वेळी एकाच गटाला आरक्षणाने दिला जातो आणि तो मुख्यतः मोठ्या गटांसाठी आहे. तुम्हा तिघांसाठी मेडोराच्या दक्षिणेला लिटल मिसुरी नदीकाठी असलेले सली क्रीक स्टेट पार्क अधिक योग्य ठरेल. तेथे घोड्यांसाठी कॉरल आहेत, आणि सुमारे 230 किलोमीटर लांबीची ‘माह दाह हे’ नावाची प्रसिद्ध वाट तेथूनच जाते. राष्ट्रीय उद्यानात रानटी घोड्यांचे कळप आहेत; आपले घोडे त्यांच्या जवळ नेऊ नका, कारण कळपाचा वळू अख्त्या घोड्यावरही धावून येतो.

याशिवाय एक जागा अशी आहे जिचा शोध नव्या माणसाला लागत नाही, ती म्हणजे प्रत्येक कौंटीचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, फेअरग्राउंड. आपल्याकडे सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो तसे तेथे वर्षातून एकदा जनावरांचे प्रदर्शन आणि रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसरतीच्या स्पर्धा, भरतात. उरलेल्या वर्षभर तेथील ठाणांच्या रांगा बहुतेक रिकाम्या असतात आणि प्रवासी घोडेवाल्यांना त्या थोड्या भाड्यात एका रात्रीसाठी मिळू शकतात. हे प्रदर्शन साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये असते, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा ते संपलेले असेल. ही ठाणे आरक्षणाच्या संकेतस्थळांवर सहसा दिसत नाहीत, म्हणून कौंटीच्या कार्यालयात फोन करावा लागतो. काही पशुपालक आपल्या रँचवरही प्रवासी घोड्यांना रात्रीपुरते ठेवून घेतात, आणि अशा जागांच्या याद्या ‘घोड्यांचे रात्रीचे ठाण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी शोधल्यास मिळतात.

पशुवैद्यक

नमस्कार ताई. मी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेला पशुवैद्य आहे आणि काही काळ अमेरिकेत घोड्यांच्या रुग्णालयात काम केले आहे. मुक्कामाच्या जागांविषयी वर उत्तम माहिती आली आहे. मी कागदपत्रे, वैरण आणि पाणी यांविषयी लिहितो, कारण जागा मिळूनही कागद नसल्यामुळे फाटकातून परत पाठवले जाण्याची शक्यता असते.

तुमचा मार्ग पाच राज्यांतून जातो. राज्याची हद्द ओलांडताना प्रत्येक घोड्यामागे मान्यताप्राप्त पशुवैद्याने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र लागते, जे साधारणपणे 30 दिवसांच्या आतले असावे लागते. त्याबरोबर ‘कॉगिन्स’ या रक्तचाचणीचा नकारार्थी अहवाल लागतो, जो या राज्यांत 12 महिन्यांच्या आतला चालतो. ही चाचणी घोड्यांच्या संसर्गजन्य पांडुरोगासाठी असते. हा रोग घोडमाश्यांच्या चाव्याने आणि दूषित सुईने पसरतो, त्यावर लस नाही आणि उपचारही नाहीत, म्हणूनच तेथील तळचालक हा कागद पाहिल्याशिवाय आपल्या कॉरलमध्ये परका घोडा घेत नाहीत. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येण्यास काही दिवस लागतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नये. तिसरा कागद मालकीच्या तपासणीचा. कोलोरॅडोत घोडा राज्याबाहेर न्यायचा असेल, किंवा राज्यातच 75 मैलांहून अधिक दूर न्यायचा असेल, तर ब्रँड (जनावराच्या अंगावरील मालकीचा डाग) निरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. त्याच घोड्यासाठी कायमस्वरूपी कार्डही मिळते आणि वारंवार प्रवास करणाऱ्यांनी तेच घ्यावे. या तिन्ही कागदांच्या छापील प्रती गाडीत ठेवाव्यात, कारण त्या मुलुखात भ्रमणध्वनीला संपर्क मिळेल याची खात्री नसते.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कोलोरॅडो आणि वायोमिंगमध्ये काही वर्षी घोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या विषाणूची साथ येते. तशी साथ असल्यास शेजारची राज्ये प्रमाणपत्राची मुदत एकदम कमी करतात. म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक राज्याच्या पशुआरोग्य कार्यालयाकडून त्या वेळचे नियम विचारून घ्यावेत. वेस्ट नाइल तापाची लस वेळेवर दिलेली असावी. त्या विषाणूचे डास नेमके ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वाधिक असतात.

आता वैरणीविषयी. साडेचारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे नऊ किलो सुके गवत लागते. राष्ट्रीय वनांमध्ये, तेथील राष्ट्रीय उद्यानांमध्ये आणि अनेक सरकारी गवताळ प्रदेशांत केवळ ‘तणबीजमुक्त’ म्हणून प्रमाणित केलेलीच वैरण नेता येते, कारण परक्या तणांचे बी लिदेतून पसरून मूळचे गवत नष्ट होते. ही प्रमाणित वैरण तुम्ही घरीच, निघण्याच्या दहा दिवस आधीपासून, नेहमीच्या वैरणीत थोडी थोडी मिसळून द्यायला लागा. घोड्याचे पोट अचानक झालेला बदल सहन करत नाही आणि प्रवासात होणाऱ्या पोटशुळाचे हे एक मोठे कारण असते. वाटेत अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, विकत घ्यावा लागला तर गठ्ठा उलगडून पाहावा. मैदानी राज्यांतील त्या घासात कधी कधी फोड आणणारे भुंगेरे कापणीबरोबर दाबले जातात, आणि मेलेल्या भुंगेऱ्यांतील विषही घोड्याचा जीव घेऊ शकते.

पाणी हा माझ्या मते या संपूर्ण बेताचा कणा आहे. विश्रांतीवर असलेला घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो आणि उन्हात स्वारी झाली तर कधी 60 लिटरही लागते. सेज क्रीकला दोन घोडे दोन रात्री ठेवायचे असतील तर 200 लिटर पाणी ही किमान गरज समजा. तेवढ्या पाण्याचे वजन 200 किलो होते, म्हणून ट्रेलरची क्षमता आधी तपासा. तेथील ओढ्यांचे पाणी गाळाने दुधट झालेले असते आणि घोडे ते पीत नाहीत. पश्चिम साउथ डाकोटाच्या काही मातींत सेलेनियम इतके असते की तेथे दीर्घकाळ चरणाऱ्या जनावरांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात आणि खुरांना भेगा पडतात. थोड्या दिवसांच्या प्रवासात त्याची भीती नाही. भीती आहे ती साचलेल्या तळ्यांतील निळ्या-हिरव्या शेवाळाची. उन्हाळ्याच्या शेवटी ज्या पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसेल, त्याच्या जवळही घोडा नेऊ नये. अनेक घोडे परक्या चवीचे पाणी नाकारतात, म्हणून घरीच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस मिसळून त्याची सवय लावावी. मग कुठल्याही गावच्या पाण्यात तोच रस घातला की घोडा ते ओळखीचे समजून पितो.

रानवाट_नागपूर

माळावरचा पाहुणा दादा आणि डॉक्टर, आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. भावाला हे सर्व वाचून दाखवले. ब्रँड तपासणीचे कार्ड त्याच्याकडे आहे. कॉगिन्स चाचणी तो जुलैच्या अखेरीस करून घेणार आहे.

आता दोन गोष्टी विचारते. सेज क्रीकला झाडे जवळजवळ नाहीत असे छायाचित्रांवरून दिसते, मग तेथे रात्री घोडे बांधावेत कसे? दुसरे असे की बॅडलँड्सहून मेडोरापर्यंतचे अंतर नकाशावर बरेच मोठे दिसते आहे. ते एका दिवसात करणे घोड्यांच्या दृष्टीने योग्य होईल का?

शिलेदार

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण घोडे बांधण्याच्या पद्धती हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्याकडे उघड्या तळावर घोडा आगाडी-पिछाडीने बांधण्याची रीत जुनी आहे: पुढे दोन मेखांना दोन दोर आणि मागच्या पायांना तिसरा. ज्या घोड्याला ती लहानपणापासून ठाऊक आहे तो तशा बांधणीत निवांत झोपतो. तुमच्या भावाच्या घोड्यांवर मात्र तिचा प्रयोग करू नका. मागच्या पायाला दोर लागल्याची सवय नसलेला घोडा अंधारात बिथरला तर स्वतःचा पाय मोडून घेईल.

अमेरिकेत झाडे असतील तेथे दोन झाडांच्या मध्ये माणसाच्या डोक्याहून उंच असा दोर ताणून बांधतात आणि घोड्याच्या मोहरकीची दोरी त्याला अशी अडकवतात की नाक जमिनीपर्यंत पोहोचावे, पण दोरीत पाय अडकू नये. झाडाच्या सालीला इजा होऊ नये म्हणून रुंद पट्टा वापरणे अनेक ठिकाणी बंधनकारक असते. सेज क्रीकला घोडे अडकवण्यासाठी थोडे खांब आहेत, पण रात्रभराची भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. तुमच्यापुढे तीन मार्ग उरतात. पहिला, ट्रेलरलाच बांधणे. हा सर्वांत साधा आहे, परंतु ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहिला पाहिजे आणि चाकांना अडसर लावले पाहिजेत. दुसरा, बॅटरीवर चालणारे विजेच्या पट्टीचे कुंपण, जे हलके असते आणि घोड्यांना बसायला-लोळायला जागा देते. तिसरा, ट्रेलरच्या बाजूला टांगून नेता येणारे लोखंडी कठडे. मी रानगव्यांच्या मुलुखात विजेच्या पट्टीवर विश्वास ठेवणार नाही; गवा ती पट्टी पाहतही नाही, आणि ती तुटून घोडे मोकळे सुटले तर त्या माळावर दहा-दहा किलोमीटर त्यांना अडवणारे काही नसते. कठडे घ्या. ते जड आणि महाग आहेत, पण घोडे शांत राहतात आणि तुम्हालाही झोप लागते.

यातले काहीही वापरायचे ठरले तरी ते आधी घरच्या अंगणात, काही रात्री, घोड्यांना त्यातच ठेवून सवयीचे करून घ्या. गव्याचा वासही त्यांना परका असणार. उद्यानाच्या नियमानुसार गव्यांपासून सुमारे 90 मीटर दूर राहावे लागते. घोड्यावर असताना मी त्याच्या दुप्पट अंतर राखायला सांगेन आणि गवे वाटेत उभे असतील तर वळसा घालून जायला सांगेन. प्रेअरी डॉग या खारीसारख्या प्राण्याच्या वसाहती दिसल्या तर त्यांच्यातून घोडा दौडवू नका, कारण जमीन बिळांनी पोखरलेली असते. अशा बिळांपाशी खुळखुळ्या सापही असतात.

मैदानात विजेचे वादळ दुपारनंतर उठते आणि सर्वांत उंच वस्तू म्हणजे घोड्यावर बसलेला माणूस असतो, म्हणून स्वारी पहाटे सुरू करून दुपारी बारापूर्वी तळावर परतावे. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि वायोमिंग जेथे मिळतात तो पट्टा तर गारपिटीसाठी कुप्रसिद्ध आहे. गारांचा जोर मे ते जुलैमध्ये अधिक असतो, त्यामुळे तुमच्या दिवसांत धोका कमी आहे; तरी घोडे ट्रेलरमध्ये चटकन चढतील एवढा सराव हवा, कारण सेज क्रीकला दुसरे छप्पर नाही.

पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी एवढेच जोडतो की ज्यांना याच प्रकारचा प्रवास थंडीत करायचा असेल त्यांनी दक्षिणेकडे, टेक्सासच्या उत्तर टोकाला जावे. तेथे पॅलो ड्युरो कॅन्यन आणि कॅपरॉक कॅन्यन्स या दोन्ही राज्य उद्यानांत घोडेवाल्यांसाठी स्वतंत्र तळ आहेत. कॅपरॉकला जुन्या रेल्वेमार्गावर तयार केलेली 64 मैलांची वाट घोड्यांना खुली आहे. टेक्सासच्या राज्य उद्यानांतही कॉगिन्स अहवाल दाखवावा लागतो.

धरमपेठकर

रानवाट ताई, घोड्यांविषयी मला फारसे कळत नाही, पण तुम्ही नागपुरात तबेल्यात जाता म्हणून एक आवश्यक गोष्ट सांगतो. भारतात जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग आहे आणि अमेरिकेत तो नाही, त्यामुळे तेथील विमानतळावर जनावरांच्या सहवासात किंवा शेतावर अलीकडे गेला होतात का, हे विचारले जाते. त्याचे उत्तर खरे द्यावे. ते ‘होय’ असल्यास बूट आणि साहित्य तपासून गरज पडल्यास निर्जंतुक करून देतात, त्याहून अधिक काही होत नाही. पण लपवल्याचे उघड झाल्यास दंड होऊ शकतो. तबेल्यात वापरलेले बूट आणि स्वारीचे कपडे सोबत न नेता तेथेच नवे घेतलेत तर सर्वांत उत्तम. नेणारच असाल तर तळव्यांच्या खाचांतली माती आणि लीद पूर्ण काढून, धुऊन, वाळवून न्या.

माळावरचा_पाहुणा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. बॅडलँड्सहून मेडोरा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. ट्रेलर ओढताना वेग कमी ठेवावा लागतो आणि दर तीन-चार तासांनी थांबून घोड्यांना पाणी द्यावे लागते, हे धरले तर तो पूर्ण दिवसाचा प्रवास होतो. सवयीचे घोडे तो सहन करतात; तुमच्या घोड्यांच्या बाबतीत मी तो दोन दिवसांत विभागेन. चालत्या ट्रेलरमध्ये घोडा सतत तोल सावरत उभा असतो, म्हणजे तो त्याच्यासाठी विश्रांतीचा काळ मुळीच नसतो. रॅपिड सिटीवरून वर येऊन 85 क्रमांकाच्या महामार्गाला लागलात की वाटेत बेल फूश आणि पुढे बोमन अशी दोन गावे लागतात. बेल फूश हे रोडिओचे जुने गाव आहे, त्यामुळे तेथे किंवा आसपास घोड्यांसाठी रात्रीचे ठाण शोधणे सोपे जाईल. त्यापुढचा भाग अतिशय विरळ वस्तीचा आहे. डिझेल आणि पाणी बेल फूशलाच भरून घ्या. वारा जोराचा असेल तर रिकामा किंवा हलका ट्रेलर त्या महामार्गावर डुलतो, अशा वेळी निघण्याची घाई करू नये.

शिलेदारांनी वर लिहिल्याप्रमाणे कठडे घेतलेत तर तुम्हाला आणखी एक मार्ग खुला होतो. बॅडलँड्सभोवती बफेलो गॅप, क्रॉफर्डच्या उत्तरेला ओगलाला आणि मेडोराभोवती लिटल मिसुरी असे राष्ट्रीय गवताळ प्रदेश आहेत. 1930 च्या दशकातील दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत उजाड झालेली शेते सरकारने विकत घेतली, त्यांतून ते तयार झाले आणि आज ते वनखात्याकडे आहेत. तेथे बहुतेक भागांत मोकळ्यावर मुक्काम करता येतो. अट एवढीच की खाजगी जमिनी त्यांत चौकटीचौकटींनी मिसळलेल्या असल्याने वनखात्याचा नकाशा जवळ हवा. उघडे असलेले फाटक उघडे आणि बंद असलेले बंद ठेवून जावे, आणि पवनचक्कीखालच्या पाण्याच्या टाक्या पशुपालकांच्या गुरांसाठी आहेत हे लक्षात ठेवून त्यांच्या शेजारी तळ टाकू नये, कारण माणसे बसलेली पाहून गुरे पाण्यावर येत नाहीत.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. आधी कस्टरचा फ्रेंच क्रीक आणि मेडोराचे सली क्रीक, कारण तेथे जागा मोजक्या आहेत. त्यांच्या तारखा हाती आल्यावर फोर्ट रॉबिन्सनची ठाणे, आणि शेवटी बेल फूशचा एका रात्रीचा मुक्काम. प्रत्येक ठिकाणी फोनवर एवढे विचारा: कॉरल किती, त्याची लांबी-रुंदी किती, कठड्यांची उंची किती, पाणी नळाचे आहे की टाकीचे आणि ते सप्टेंबरमध्ये चालू असते का, लीद तेथेच टाकता येते की सोबत न्यावी लागते, आणि आमच्या लांबीचा ट्रेलर वळवता येईल का. होकार मिळाला की तो लेखी मागवून घ्या. सेज क्रीकला आरक्षण नाही, त्यामुळे तेथे सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी दुपारपूर्वी पोहोचता येईल, अशा बेताने बाकीच्या सर्व तारखा बसवा.